घर बघायला येणारं कोर्ट

मुलाच्या ताब्याचा दावा चालू असला की कौटुंबिक न्यायालयाचा समुपदेशक तुमच्या घरी येऊ शकतो. नातेवाइकांशी, ओळखीपाळखीच्यांशी बोलू शकतो. मूल एकाच्या हाती सोपवल्यावरही न कळवता दार वाजवू शकतो, आणि व्यवस्था बदलायला हवी असं वाटलं तर कोर्टाला तसं लिहून देऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयानं 1988 मध्ये केलेल्या नियमांत हे सगळं आहे आणि ते कोल्हापुरालाही लागू आहे. कोर्ट म्हणजे कठडा, शपथ आणि पुढची तारीख एवढंच डोक्यात असलेल्या माणसानं हे वाचून चकित व्हावं, इतकं ते वेगळं आहे. इथं कोर्टच उठून घर बघायला येतं!

त्याच नियमांतली दुसरी गोष्ट त्याहून भारी. समुपदेशकापुढे जे बोललं जातं ते गुपित असतं. नवरा-बायकोनं काढलेली एकमेकांची उणीदुणी, रडारड, रागाच्या भरात दिलेल्या कबुल्या, सगळं त्या खोलीतच राहतं. दोघांची संमती नसेल तर समुपदेशकाला ते उघड करायला लावता येत नाही, आणि त्याबद्दल साक्षीला उभंही करता येत नाही. मात्र या भिंतीला मुद्दाम एक खिडकी ठेवली आहे आणि ती मुलाच्या बाजूला उघडते. घरचं वातावरण कसं आहे, आई-बापांचे स्वभाव कसे आहेत, मुलाशी त्यांचं कसं जमतं, एवढ्याचा अहवाल समुपदेशक न्यायाधीशांना देऊ शकतो. मोठ्यांची भांडणं झाकायची आणि मुलाचं हित तेवढं दाखवायचं, अशी ही रचना आहे. ज्यानं कुणी ती मांडली त्याला संसार कळत होता, एवढं नक्की.

नुसत्या कागदांवर विसंबून असे प्रश्न सोडवायला जाणं किती धोक्याचं, हे कोल्हापुरानं फार पूर्वी पाहिलंय. कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज देखरेखीखाली होते. त्यांचा छळ होतो आहे असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं छापलं, ते काही पत्रांच्या आधारावर. दिवाण माधवराव बर्व्यांनी फिर्याद केली, पत्रं बनावट निघाली आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. पुढच्याच वर्षी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. पत्रं खोटी ठरली, पण म्हणून आतलं सगळं ठीक होतं असं थोडंच आहे?

आता तज्ज्ञ कसा निवडायचा ते बघू. अमेरिकेत अशा दाव्यांसाठी मानसशास्त्रज्ञ नेमले जातात आणि त्यांची फी बहुधा आई-बापच भरतात. आपल्याकडे समुपदेशक कोर्टाचा असतो, तो तुम्ही निवडायचा नसतो. पण मूल झोपेत दचकत असेल, एका पालकाचं नावसुद्धा काढू देत नसेल, तर 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 12 कामी येतं. त्याखाली कोर्ट डॉक्टरची किंवा कुटुंबकल्याणाचं काम करणाऱ्या व्यक्तीची मदत घेऊ शकतं. अशी व्यक्ती शक्यतो स्त्री असावी, असंही कायद्यातच आहे. तुम्ही अर्ज करून तशी विनंती करू शकता. नाव सुचवायचंच असेल तर रोज लहान मुलांसोबत काम करणारं माणूस बघावं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी आहे का ते तपासावं. त्यानं आधी तुम्हा दोघांपैकी कुणावर उपचार केलेले नसावेत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्यानं दोघांनाही भेटायला हवं, मूल दोघांबरोबर कसं वागतं ते बघायला हवं. फक्त एका बाजूला भेटून लिहिलेला जाडजूड अहवाल माझ्या मते पैशाची नासाडी आहे. समोरचा वकील उलटतपासात तो पाच मिनिटांत सोलून काढतो.

तयारीचं म्हणाल तर बहुतेक जण ती नेमकी उलट्या दिशेनं करतात. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट गठ्ठ्यानं जमवतात, पण पोराच्या वर्गशिक्षिकेचं नाव विचारलं की गडबडतात. समुपदेशकाचे प्रश्न कसे असतात बघा: सकाळी डबा कोण भरतं? ताप आला तर रात्री जागतं कोण? दप्तर कुठं ठेवतो, झोपतो कुणाजवळ? रविवारी रंकाळ्यावर फिरवून आणणाऱ्या बापाचं प्रेम खोटं नसतं, पण सोमवार ते शनिवारचा हिशेब द्यावा लागतो. लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पालकसभेच्या वहीतली सही, असले साधे कागद इथं वजनदार ठरतात. पुराव्याच्या कायद्यात न बसणारा कागदसुद्धा, वादाचा निकाल लावायला उपयोगी वाटला तर, हे कोर्ट कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 14 खाली बघू शकतं. वकील देणं हा मात्र इथं हक्क नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते. म्हणून आपली हकीगत आपल्या तोंडानं, न चिडता सांगता आली पाहिजे.

आणि मुलाला पढवू नका. 1890 चा पालक व पाल्य कायदा सांगतो की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. त्यासाठी न्यायाधीश बऱ्याचदा मुलाला आपल्या दालनात बोलावून एकट्याशी बोलतात. शाळा, मित्र, क्रिकेट असं करत गप्पा चालतात. तेवढ्यात पाठ केलेलं वाक्य मध्येच येऊन पडतं, तेही वकिली भाषेत. सात वर्षांचं पोरगं ‘माझं सर्वांगीण हित’ म्हणायला लागलं की ते कुणी शिकवलं, हे ओळखायला न्यायाधीश कशाला हवा?

मुलाला रोज सांभाळतं कोण याला महत्त्व आहे, हे कायद्यानंही हळूहळूच ओळखलं. 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आधी बापाला पालक म्हणतो आणि त्याच्यानंतर आईला. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे. पण जिजाबाई गजरे यांच्या खटल्यात 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो विदर्भातल्या शेतजमिनीचा, कुळाचा! नवरा वीसेक वर्षं वेगळा राहत होता, मुलीचं सगळं आईच बघत होती. बाप हयात असूनही त्या परिस्थितीत आईच पालक, असं न्यायालयानं ठरवलं. कूळकायद्याच्या भांडणातून आईपणाचा निकाल निघाला.

ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1973 च्या रोझी जेकब निकालातच सांगितलंय. मूल पाच वर्षांचं असताना जे ठरलं त्यावर ते बारा वर्षांचं झाल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. अपिलासाठी पूर्वी कोल्हापूरकराला मुंबई गाठावी लागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतली अपिलंही आता इथंच येतात.