मनी प्लँट
(लॅ. एपिप्रेम्नम ऑरियम, कुल–ॲरेसी). ही सदाहरित शोभिवंत वेल मूळची प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरची असून आता उष्ण कटिबंधात सर्वत्र पसरली आहे. पाने एकाआड एक, चकचकीत, हृदयाकृती, हिरवी व पिवळसर छटांची असतात. मोठ्या झाडावर चढलेल्या वेलीची पाने बरीच मोठी व विभागलेली होतात. कुंडीत ती लहानच राहतात. जिबरेलिनाच्या निर्मितीतील आनुवंशिक दोषामुळे हिला फुले सहसा येत नाहीत, असे २०१६ मध्ये दिसून आले. अभिवृद्धी छाट कलमांनी करतात. पेऱ्यासह कापलेला तुकडा पाण्यात ठेवल्यास त्याला मुळे फुटतात. हे पाणी आठवड्यातून एकदा तरी बदलावे, अन्यथा त्यात डेंग्यू फैलावणाऱ्या डासांची पैदास होण्याचा संभव असतो.

वेलीस फारशी निगा लागत नाही. तिला खिडकीजवळचा सौम्य प्रकाश मानवतो. अंधाऱ्या जागी पानांवरील पिवळ्या छटा कमी होतात. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. सतत ओल्या मातीत हवेअभावी मुळे कुजतात व पाने पिवळी पडतात. ती तहानेची खूण समजून आणखी पाणी घातल्यास वेल मरते. पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे स्फटिक असल्याने ती चावल्यास तोंडाची आग होते. म्हणून लहान मुले व पाळीव प्राणी यांपासून वेल दूर ठेवावी. श्रीलंका, हवाई इ. ठिकाणी ती रानात फोफावून उपद्रवी ठरली आहे; त्यामुळे छाटलेले तुकडे उघड्यावर टाकू नयेत.