जुना संच, नवें चित्र

अमेरिकेंतील पूर्ण शक्तीच्या दूरचित्रवाणी केंद्रांनीं १२ जून २००९ रोजीं जुनी अ‍ॅनालॉग पद्धति सोडली आणि केवळ डिजिटल प्रक्षेपणाचा अंगीकार केला. या पद्धतींत एक सोय आहे. स्थानिक केंद्रानें चित्राचें अंकांत रूपांतर करणारें आपलें एन्कोडर यंत्र बदललें, कीं घरांतला संच तोच राहूनही चित्र अधिक स्वच्छ दिसूं शकतें. हें कसें घडतें?

उत्तम चित्राची मूळ माहिती सेकंदाला सुमारें १५० कोटी अंकांची असते. केंद्राच्या वांट्यास आलेल्या ६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांतून जेमतेम १ कोटी ९४ लाख अंक जातात. म्हणजे सुमारें पंचाहत्तरावा भाग! म्हणून मागच्या चित्रांतलें जें तसेंच राहिलें, तें एन्कोडर पुन्हां पाठवीत नाहीं; जें हललें, तें कोठें गेलें एवढेंच कळवितो.

१९९६ सालीं अमेरिकेनें स्वीकारलेल्या पद्धतींतील एमपेग-२ नियम संचानें संदेश कसा वाचावा हें ठरवितात. तो कसा तयार करावा, हें मात्र यंत्रकारावर सोंपवितात. त्यामुळें नवें, वेगवान यंत्र तोच संदेश थोडक्या अंकांत अधिक नेमका लिहितें, आणि प्रेक्षकास दमडीचाही खर्च पडत नाहीं.

परंतु वांचलेल्या जागेचें करावें काय? तीं चित्र सुधारण्यास द्यावी, कीं तेथें आणखी एक वाहिनी बसवावी? नव्या वाहिनीबरोबर जाहिरातींचें उत्पन्न येतें. म्हणून अनेक केंद्रें दुसरा मार्ग पत्करतात. तो अति झाला, कीं धांवत्या चेंडूभोंवतीं चौकटी उमटूं लागतात, आणि नव्या यंत्राचा लाभ प्रेक्षकाच्या पदरांत पडत नाहीं.