वीस वर्षं विरोध, मग ऐतिहासिक सही: लिंडन जॉन्सन यांना कोणत्या बाजूला बसवायचं?

अमेरिकेच्या राजकारणावर वाद पेटला की सोशल मीडियावर दोन प्रकारच्या पोस्ट हमखास फिरू लागतात. एकीत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी हस्तांदोलन करताना दिसतात आणि कृष्णवर्णीयांना हक्क मिळवून देणारा नेता म्हणून त्यांचं कौतुक असतं. दुसरीत त्याच जॉन्सन यांनी त्याच हक्कांविरोधात केलेल्या मतदानाची यादी असते.

गंमत म्हणजे दोन्ही पोस्टमधली माहिती खरी असते. मग अशा नेत्याचा हिशेब मांडायचा तरी कसा?

सेग्रिगेशन म्हणजे नेमकं काय होतं?

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. पण पुढच्या काही दशकांत दक्षिणेकडच्या राज्यांनी नवे कायदे करून गोरे आणि कृष्णवर्णीय यांना वेगळं ठेवलं. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे. यालाच सेग्रिगेशन म्हणतात. कृष्णवर्णीयांनी मतदान करू नये म्हणून मतदान कर आणि वाचन-लेखनाच्या चाचण्याही लावल्या गेल्या.

त्या काळात दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाची जवळपास एकहाती सत्ता होती. जॉन्सन त्याच पक्षाचे आणि दक्षिणेतल्याच टेक्सासचे.

पहिल्या वीस वर्षांत जॉन्सन यांनी काय केलं?

१९३७ मध्ये ते प्रतिनिधीगृहात आणि १९४९ मध्ये सिनेटमध्ये पोहोचले. या काळात जमावाने माणसं ठार मारण्याविरोधातला कायदा असो की मतदान कर रद्द करण्याचा, त्यांचं मत विरोधातच पडलं. सिनेटमधलं त्यांचं पहिलं मोठं भाषण फिलिबस्टरच्या बचावासाठी होतं. फिलिबस्टर म्हणजे भाषणं लांबवत ठेवून विधेयक मतदानापर्यंत पोहोचूच न देणं. दक्षिणेतल्या सिनेटरांचं हे आवडतं हत्यार होतं.

१९५६ मध्ये चित्र थोडं बदललं. शाळांमधलं सेग्रिगेशन संपवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाविरोधात दक्षिणेतल्या बहुतेक खासदारांनी एक जाहीरनामा काढला. सिनेटमधल्या बहुमताचे नेते असलेल्या जॉन्सन यांची त्यावर सही नव्हती. १९५७ मध्ये त्यांनी नागरी हक्क कायदा मंजूर करून घेतला. १८७५ नंतरचा असा हा पहिलाच कायदा. मात्र तो मंजूर व्हावा म्हणून त्यातल्या कडक तरतुदी काढून टाकल्या गेल्या, आणि त्यात जॉन्सन यांचाच पुढाकार होता.

१९६४ मध्ये काय वेगळं घडलं?

नोव्हेंबर १९६३ मध्ये जॉन केनेडी यांची हत्या झाली आणि जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. केनेडी यांनी मांडलेलं नागरी हक्क विधेयक तेव्हा अडकून पडलं होतं. या वेळी जॉन्सन यांनी ते पातळ होऊ दिलं नाही. विरोधकांचं नेतृत्व करत होते जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल, म्हणजे सिनेटमध्ये जॉन्सन यांना घडवणारे त्यांचे गुरूच.

१० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी फिलिबस्टर मोडलं. २ जुलैला जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. हॉटेलं, थिएटरं आणि नोकऱ्यांमधला वर्णभेद बेकायदेशीर ठरला.

डेमोक्रॅटिक पक्षानेच विरोध केला होता, हे खरं का?

अर्धवट खरं. सिनेटच्या अंतिम मतदानात ४६ डेमोक्रॅट बाजूने आणि २१ विरोधात होते. रिपब्लिकन २७ बाजूने आणि ६ विरोधात. म्हणजे पाठिंब्याचं प्रमाण रिपब्लिकनांमध्ये जास्त होतं.

पण खरी फूट पक्षांची नव्हती, प्रदेशांची होती. गृहयुद्धात फुटून निघालेल्या अकरा राज्यांच्या २२ सिनेटरांपैकी फक्त एकाने बाजूने मत दिलं.

गोल्डवॉटर यांचं उदाहरण काय सांगतं?

विरोधात मत देणाऱ्यांत रिपब्लिकन सिनेटर बॅरी गोल्डवॉटर होते. त्यांनी १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना पाठिंबा दिला होता. खासगी व्यवसायात केंद्र सरकारने दखल देऊ नये, हा त्यांचा १९६४ चा आक्षेप. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते दणकून हरले. जिंकलेल्या सहा राज्यांपैकी एक त्यांचं स्वतःचं ॲरिझोना; उरलेली पाचही दक्षिणेतली, जिथे सेग्रिगेशन सर्वांत घट्ट होतं.

आधीचा रेकॉर्ड गोल्डवॉटर यांचा चांगला, जॉन्सन यांचा वाईट. निर्णायक क्षणी दोघांनी उलट बाजू घेतल्या. म्हणूनच नेत्याच्या मनात काय होतं, यापेक्षा निकाल त्याच्या हातात असताना त्याने काय केलं, हे आधी बघावं लागतं.

मग जॉन्सन निर्दोष ठरतात का?

नाही. खासगी बोलण्यात ते कृष्णवर्णीयांसाठी अपशब्द वापरत, हे त्यांच्या सोबत काम केलेल्यांनी सांगितलं आहे. ऑगस्ट १९६४ मध्ये मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांच्या शिष्टमंडळाने पक्षाच्या अधिवेशनात गोऱ्यांच्या शिष्टमंडळाच्या जागी आपल्याला बसवा, अशी मागणी केली. तेव्हा दक्षिणेतली मतं जातील या भीतीने जॉन्सन यांच्या गटाने त्यांना फक्त दोन जागा देऊ केल्या. इथेही निर्णय त्यांच्याच हातात होता.

वर्षभरात, ६ ऑगस्ट १९६५ रोजी, त्यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. मिसिसिपीत १९६४ मध्ये मतदार म्हणून नोंद असलेले कृष्णवर्णीय जेमतेम ७ टक्के होते. १९६७ पर्यंत ते प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास गेलं.

या आकड्याने आधीची वीस वर्षं पुसली जात नाहीत. त्या वर्षांत ज्यांना मतदान करता आलं नाही, त्यांना १९६५ चा कायदा मागच्या तारखेपासून लागू झाला नाही. तसंच, जुनी मतं दाखवून १९६४ आणि १९६५ ही खोडता येत नाहीत. दोन्ही बाजू एकमेकींतून वजा करून एकच उत्तर काढण्याची गरज नाही. त्या शेजारी शेजारी मांडाव्या लागतात.

त्यामुळे अशी पोस्ट पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. मत कोणत्या वर्षीचं आहे? त्या मताने निकाल ठरणार होता का? आणि त्यानंतर लोकांच्या आयुष्यात काय बदललं? पोस्टवर साल नसेल, तर बहुधा अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.