टीपॉयवर काय ठेवायचं?

मागच्या वेळी आम्ही रेडिओवर पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरी, उशा, मच्छरदाणी यांबद्दल बोललो होतो. त्यानंतर जे फोन आले त्यात चादरीचा एकही नव्हता. सगळ्याजणी विचारत होत्या ते टीपॉयबद्दल. "ताई, बाहेरच्या खोलीत कोच घेतला, समोर टीपॉय घेतला, आता त्याच्यावर ठेवायचं काय?" एकीने सांगितलं, मोबाईलवर बघितलं तर तिथे टीपॉयवर जाडजाड पुस्तकं, मेणबत्त्या आणि पांढरे दगड मांडलेले. आमच्या घरात जाड पुस्तक म्हणजे मुलाचं बारावीचं गाइड, ते ठेवू का?

हसू येतं, पण प्रश्न खरा आहे. नागाव, रेवदंड्यापासून काशीद, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वरपर्यंत आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता घरी पाहुणे ठेवतात. काहींनी शासनाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंद केली आहे, काहींचं ओळखीवर चालतं. पाहुणा गाडीतून उतरतो, बॅग टाकतो आणि पहिला टेकतो तो बाहेरच्या खोलीत. आपण पाणी आणेपर्यंतची पाच मिनिटं त्याच्या डोळ्यांसमोर हा टीपॉयच असतो.

तसा टीपॉय आपल्याला नवा नाही. नाव ऐकून चहाशी संबंध असेल असं वाटतं, पण तसं नाही. हिंदीतली तिपाई, म्हणजे तीन पायांची, ती इंग्रजांनी उचलली आणि तिचा टीपॉय होऊन तो आपल्याकडे परत आला. आपली तिवई तीच. चौरंग होता, पाट होता, आणि ओटीवर पानाचं तबक होतं. आल्यागेल्यासमोर तबक सरकवायचं, अडकित्ता त्याच्या हातात द्यायचा, की बोलणं आपोआप सुरू व्हायचं. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या घरात असेल त्या घराला तर वेगळं काही मांडायची गरजच नव्हती.

मांडणीच्या आधी टीपॉय कसला, हे बोलायला हवं, कारण आमचे पैसे त्यातच बुडाले. आमच्या गटातल्या एका ताईने अंतर्गत कर्ज काढून काचेचा टीपॉय आणला. खाली चकचकीत लोखंडी पाय, वर काच. दिसायला झकास. पण खाऱ्या हवेत त्या काचेवर रोज चिकट थर बसायचा, बोटांचे ठसे उठायचे, आणि दिवसातून तीनदा पुसत बसायची पाळी यायची. पहिल्याच पावसाळ्यात पायांची चकाकी पोपडे धरून निघाली आणि आतून गंज आला. पुढच्या मे महिन्यात पाहुण्यांची मुलं ओटीवरच्या झोपाळ्यावर बसली, जोराचा झोका घेतला आणि झोपाळ्याची कड काचेवर आली. साधी काच होती, तिचे सुरीसारखे तुकडे झाले. एका मुलीच्या पायाला लागलं. मंडळी दुसऱ्या दिवशी निघून गेली, आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायचं कुणाला सुचलंही नाही. टीपॉय गेला तरी कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले. ते कर्ज आम्हीच मीटिंगमध्ये मंजूर केलं होतं, आणि कशासाठी हवंय याच्यापुढे एक प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हापासून आम्ही सांगतो, किनाऱ्यावर लाकूडच बरं. तेही भुशाच्या दाबलेल्या फळीचं नको. लादी पुसताना पाणी लागलं की ती फळी खालून फुगते, आणि जुलैत तिच्यावर बुरशी चढते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाड्यांमधली नारळी-पोफळी गेली, तसे आंबे-फणसही आडवे झाले. कुणाकडे त्या फणसाच्या फळ्या अजून माळ्यावर पडलेल्या असतील तर त्या विकू नका. फणसाचं लाकूड आधी पिवळं असतं, मग वर्षागणिक तांबूस तपकिरी होत जातं. गावातल्या सुताराकडून साधा चार पायांचा टीपॉय करून घ्या, पायांखाली रबरी बूच लावा. पाहुण्याने विचारलंच, तर सांगायला झाडाची गोष्टही आहे.

मापाचं थोडक्यात सांगतो. टीपॉयची उंची कोचाच्या बैठकीइतकी किंवा इंच-दोन इंच कमी. कोच सहा फुटी असेल तर टीपॉय चार फुटांच्या आत. दोघांच्या मधे एक हात अंतर, म्हणजे बसल्याबसल्या कप ठेवता येतो आणि उठताना गुडघा आपटत नाही. आणि झोपाळा असेल तर आधी त्यावर बसून मोठा झोका घ्या, तो जिथवर जातो तिथे खडूने रेघ मारा, आणि त्या रेघेच्या पुढे आणखी हातभर जागा सोडून टीपॉय ठेवा. ही खडूची रेघ आम्ही आता प्रत्येक घरात मारायला लावतो.

आता वर काय ठेवायचं ते. आमची पद्धत अशी, की अर्धा टीपॉय रिकामा. पाहुण्याला चहाचा ट्रे ठेवायला, चष्मा, फोन, गाडीची किल्ली टाकायला जागा लागते. आपण तिथे शोभेच्या वस्तूंची दाटी केली, तर कप घेऊन बिचारा इकडेतिकडे बघत राहतो आणि शेवटी जमिनीवर ठेवतो. उरलेल्या अर्ध्या भागात एक तबक किंवा परात ठेवायची आणि जे काही मांडायचं ते त्यातच. सुट्या चार वस्तू पसारा वाटतात, त्याच तबकात ठेवल्या की मुद्दाम मांडल्यासारख्या दिसतात. शिवाय पुसायच्या वेळी एकदाच उचललं की झालं. तबकात तीन वस्तू पुरतात, एक उंच, एक मध्यम, एक बसकी. उंच म्हणजे तांब्या आणि त्यावर पालथं भांडं. पाणी रोज ताजं भरायचं. नुसत्या शोभेचा रिकामा तांब्या ठेवू नका, तहानलेला माणूस तो उचलून बघतोच.

पितळ खाऱ्या हवेत लवकर काळं पडतं, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं. चिंच नाहीतर भिजवलेली आमसुलं मिठाबरोबर घासा, धुऊन लगेच कोरडं करा. फक्त शोभेच्या तबकाला खोबरेल तेलाचं एक बोट फिरवलं तर चकाकी आणखी चार दिवस टिकते.

फुलांचं सांगायचं तर प्लास्टिकची फुलं आणू नका. ती वर्षभर धूळ खातात, आणि दारात जास्वंद फुललेली असताना आत प्लास्टिकचा गुलाब बघून पाहुण्यालाच कसंतरी वाटतं. वाटीत पाणी घालून सोनचाफ्याची दोन फुलं सोडा, अनंत असेल तर एकच पुरे, खोली भरून वास येतो. उन्हाळ्यात फुलं नसतील तेव्हा आंब्याचा किंवा तगरीचा डहाळा चालतो. हल्ली शहरात घंगाळात पाकळ्या तरंगत ठेवायची फॅशन आहे. आम्ही एका घरी तसं केलं, तर सासूबाई म्हणाल्या, "अंघोळीचं घंगाळ कोचासमोर? पाहुण्याला न्हायला बसवताय का?" घंगाळ परत न्हाणीघरात गेलं. वाटी असो की घंगाळ, त्यातलं पाणी मात्र रोज बदला आणि भांडं आतून चोळून धुवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्याचे उडते डास होतात.

समुद्राजवळचं घर म्हणून शंख-शिंपले ठेवावेसे वाटतात. इथे जरा सांभाळा. प्रवाळ आणि सी-फॅन, ज्याला बाजारात इंद्रजाल म्हणून फ्रेम करून विकतात, हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. इंद्रजाल ही वनस्पती नाही, समुद्रातल्या जिवांची ती वसाहत आहे. घरात ठेवणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे, मग ते घरात लक्ष्मी आणतं असं कुणी कितीही सांगो. काही मोठे शंखही त्या कायद्यात येतात. म्हणून आम्ही विकतचं काहीच ठेवत नाही. तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपले सोड्याच्या पाण्यात उकळतो, चार दिवस कडक उन्हात टाकतो, आणि लाकडी वाटीत भरून ठेवतो. वास राहिला नाही ना, हे आपल्या नाकाने न ठरवता शेजारणीला विचारा, आपल्या नाकाला सवय झालेली असते. पाहुण्यांची लहान मुलं त्या वाटीशी तासभर खेळतात.

कपाखाली ठेवायला विरीच्या चकत्या करा. पोफळीच्या झावळीचा तो रुंद देठ वाडीत फुकट पडलेला असतो. भिजवून, सपाट दाबून, वाळवून कातरीने गोल कापायचा. पावसाळ्यात मात्र चकत्यांना बुरशी येते, तेव्हा क्रोशाच्या वापरा, धुता येतात.

आता ज्या वस्तूसाठी आजचं हे सगळं बोलणं आहे, तिच्याकडे येतो. ती आहे एक वही.

पाहुणा मुंबई-पुण्याहून येतो तो समुद्रासाठी, आणि समुद्राची वेळ त्याला माहीत नसते. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं एवढं त्याने ऐकलेलं असतं, पण परत कधी निघायचं हे ऐकलेलं नसतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतरही दर वर्षी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून अशी बातमी येतेच. आपल्या घरी उतरलेला माणूस आपण सांगायला विसरलो म्हणून पाण्यात गेला, तर पुढे कुठल्या तोंडाने पाहुणे ठेवायचे?

आपल्याला भरती-ओहोटी लहानपणापासून कळते, म्हणून ती सांगायची गोष्ट आहे हेच ध्यानात येत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या जवळ भांग असतो, तेव्हा पाणी पुरतं उतरत नाही, म्हणून ओहोटीची वेळ बघून निघालेले लोकही किल्ल्याच्या वाटेवर कमरेएवढ्या पाण्यात अडकू शकतात. हा झाला अंदाज. वहीत लिहिताना त्या दिवसाची छापील वेळ बघून लिहा, आणि कोळीवाड्यात विचारून खात्री करा.

वही साधी, दोनशे पानी. कव्हर जुन्या साडीच्या तुकड्याचं शिवा, म्हणजे तबकाशेजारी शोभून दिसते. रोज सकाळी नवीन पानावर मोठ्या अक्षरात तारीख, भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, पाण्यात कधी उतरू नये, किल्ल्यातून कधी परत निघावं. पाणी ओसरत असताना ते माणसाला आत ओढतं, हे एक वाक्य रोज लिहा, कालच्या पानावर असलं तरी. जूनपासून पावसाळा संपेपर्यंत फक्त एकच ओळ: पाण्यात उतरू नये. त्या दिवसांत जंजिऱ्याला जाणाऱ्या राजपुरीच्या होड्याही बंद असतात, तेही लिहा, उगाच खेप होते. पहिल्या पानावर ११२ आणि १०८, जवळच्या दवाखान्याचा फोन आणि आपला स्वतःचा. मुलांना मराठी वाचता येत नाही असे पाहुणेही येतात. आमच्या एका ताईची नववीतली मुलगी शेजारी हिंदीत लिहिते आणि लाटेचं चित्र काढते, वर बाण म्हणजे भरती, खाली बाण म्हणजे ओहोटी. चित्र काढायला लागल्यापासून ती वही जास्त वाचली जाते, असं त्या ताई सांगतात. आम्हालाही ते पटलं.

पाहुण्यांच्या नोंदीचं रजिस्टर मात्र टीपॉयवर ठेवू नका. त्यात लोकांचे फोन, आधार नंबर असतात. ते कपाटात.

गटाच्या वस्तू टीपॉयवर विकायला मांडाव्यात का, यावर आमच्यात वाद आहे. काहीजणी म्हणतात दुकान वाटतं. आमचं मत, एक बरणी ठेवावी, आंबापोळी किंवा फणसपोळीची, चाखायला म्हणून, वर किंमत न लिहिता. आवडलं तर पाहुणा स्वतःच विचारतो. पांढऱ्या कांद्याची माळ दाराजवळ टांगा, तिथे ती छान दिसते, आणि खंडाळे-कार्ल्याचा कांदा म्हटलं की लोक फोटो काढतात. सोडे आणि सुकट कितीही उत्तम असोत, ते आतच बरे.

पावसाळ्यात तबकात बॅटरी ठेवा. वीज गेल्यावर मेणबत्ती आपल्या वाऱ्यात टिकत नाही, आणि अंधारात काडेपेटी शोधताना तांब्या लवंडतो.

गणपतीत टीपॉयवर मखर बसतं, ते काही चुकत नाही. तेवढे दिवस तबक खिडकीत जातं, आणि वहीला सुतळी ओवून ती दाराच्या खिळ्याला टांगायची, बाहेर पडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशी. त्या दिवसांत मुंबईहून आलेली आपलीच भाचरं घरात असतात, आणि समुद्राकडे सगळ्यात आधी धावतात तीच.