मेसच्या टेबलावरचा वेगळा विदर्भ

मी काटोलचा. आमच्याकडे संत्र्यांइतकंच राजकारणही पिकतं. 2014 च्या विधानसभेला काका अनिल देशमुख अन् पुतणे आशिष देशमुख समोरासमोर उभे राहिले, पुतणे जिंकले. अशा गावात वाढलेल्याला वादाची काय भीती? पण मला वाद कळला तो होस्टेलमध्ये.

मेसमध्ये आम्ही सहा जण रोज एकाच टेबलावर बसायचो, सगळे विदर्भाचे. सुरुवातीला म्हणणं एवढंच, की 1953 च्या नागपूर करारात जे कबूल केलं ते मिळावं. मग एकानं सिंचनाचा अनुशेष काढला. दुसऱ्यानं फाजल अली आयोगाचा 1955 चा अहवाल काढला, त्यात विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. मुद्दे खरेच होते. तरी महिन्याभरात आम्ही 'तिकडचा माणूसच लबाड' इथवर पोचलो. माझा रूम पार्टनर सांगलीकडचा. एकदा तो ताट घेऊन आला, तर कुणीतरी म्हणालं, "तू काहून इथं बसून राहिला बे?" तो उठून गेला. मी मात्र खाली मान घालून जेवत राहिलो.

असं का होतं? मानसशास्त्रात याला गट-ध्रुवीकरण म्हणतात. मॉस्कोविसी आणि झावालोनी यांनी पॅरिसच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. द गॉल यांच्याबद्दल मुलांचं मत आधीच चांगलं होतं, चर्चेनंतर ते आणखी चांगलं झालं. अमेरिकनांबद्दलचं वाईट मत आणखी वाईट झालं.

कारणं दोन. सारख्या विचारांच्या टोळक्यात एकाच बाजूचे नवे नवे मुद्दे कानावर पडतात, दुसरी बाजू मांडायला कुणी नसतंच. शिवाय प्रत्येकाला वाटतं, आपण इतरांपेक्षा मिळमिळीत दिसू नये. म्हणून जो तो एक पायरी वर चढतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हा पॉझिटिव्ह फीडबॅक. आउटपुट पुन्हा त्याच दिशेनं इनपुटला जोडलं की माइक किंचाळणारच!

शेवटी मीच पार्टनरच्या टेबलावर जाऊन बसलो. त्याचं गाव जत तालुक्यातलं, दुष्काळी. तो म्हणाला, "अरे, पाण्याची वाट आम्हीपण बघतोय."

मित्रांनो, मला अजूनही वेगळा विदर्भ हवाय. फक्त त्यासाठी सांगलीचा माणूस लबाड असावा लागत नाही, एवढं कळलंय. आठवड्यातून एकदा तरी टेबल बदलून जेवा. अन् कुणाला उठवलं जात असेल, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.