विमानाचा खोळंबा व उतारूंचे हक्क

आगगाडी रखडली तर आपल्याकडील गृहस्थ स्टेशनमास्तरांपाशीं जाऊन निदान चार शब्द बोलतो. तोच मनुष्य विमानतळावर मात्र परक्या घरीं आलेल्या पाहुण्यासारखा मुकाट्यानें बसून राहतो. तेथें आपला कांहीं हक्क आहे, हेंच पुष्कळांस ठाऊक नसतें. वास्तविक नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें २०१० सालींच याविषयीं नियम घालून दिले असून २०१६ सालीं भरपाईचे आंकडेहि वाढविले.

मुंबई-नागपूरसारख्या, अडीच तासांच्या आंतील उड्डाणास दोन तास विलंब झाला कीं खाण्यापिण्याची विनामूल्य सोय कंपनीनें करावयाची. विलंब सहा तासांहून अधिक असल्यास दुसरें विमान कीं संपूर्ण पैसे परत, ही निवड उतारूची, कंपनीची नव्हे. उड्डाण रद्द झाल्याची वर्दी वेळेवर दिली नाहीं, तर याखेरीज रोख भरपाई : एक तासापर्यंतच्या उड्डाणास ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून लांबच्यास १०,०००, मात्र मूळ भाडें व इंधन-आकार मिळून रक्कम याहून कमी भरत असेल, तर तेवढीच.

खरी मेख पुढेंच आहे. धुकें, पूर, दंगा, संप अशीं आवाक्याबाहेरचीं कारणें असल्यास कंपनीस भरपाईंतून सूट मिळते. म्हणून विलंबाचें कारण लेखी मागून घ्यावें हें बरें. डिसेंबर २००७ मध्यें दिल्लीहून हैदराबादेस निघालेले उतारू धुक्यामुळें कित्येक तास विमानांतच अडकून पडले. त्यांपैकीं एकानें दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं त्यास मिळालेली भरपाई रद्द केली खरी. पण विमानांत खोळंबलेल्या उतारूंस अन्न, पाणी व शौचाची सोय पुरविण्याचें टाळतां येणार नाहीं, मग कंपनी कितीहि स्वस्त भाड्याची असो, असेंहि बजाविलें. वृद्धांस व लेंकुरवाळ्यांस हें बजावणें त्या रकमेहून अधिक मोलाचें आहे, असें आम्हांस वाटतें.

तक्रार प्रथम कंपनीकडे लेखी करावी. तेथें दाद न लागल्यास विमान-खात्याची 'एअरसेवा' आहे, ग्राहक न्यायालय आहे.

एकत्र कुटुंबांत मात्र एक घोटाळा हटकून होतो. घरांतील एखादा हुषार पुतण्या सर्वांचीं तिकिटें काढतो आणि प्रत्येकाच्या नांवापुढें स्वतःचा, नाहीं तर दलालाचा, दूरध्वनी-क्रमांक घालून मोकळा होतो. संपर्काची पुरेशी माहिती न देणाऱ्या उतारूस भरपाई देण्यास कंपनी बांधलेली नाहीं, असें नियमांतच आहे. काशीस निघालेल्या आत्याबाईंचें विमान रद्द झाल्याची वर्दी दलालाच्या दुकानांत वाजते, आणि आत्याबाई विमानतळावर पोथी उघडून स्वस्थ बसलेल्या असतात!