सरावाचे घर

अमेरिकेतील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनी काही आठवडे एका ‘सरावाच्या घरात’ एकत्र राहत. आणि तेथे स्वयंपाक, झाडलोट, पाहुण्यांची सरबराई व जमाखर्चाची टिपणे एवढ्यावरच भागत नसे, कारण १९१९ पासून त्या घरात अनाथाश्रमातून आणलेले एक खरेखुरे तान्हे मूलही वाढत असे. पहिल्या बाळाचे नाव डिकी डोमेकॉन. हे आडनाव म्हणजे विषयाच्या जुन्या इंग्रजी नावाचाच संक्षेप. पाळीपाळीने प्रत्येकीने आई व्हायचे, ठरल्या घटकेला दूध पाजायचे, न्हाऊ घालायचे, वजन वहीत टिपायचे, आणि पाळी सरताच, कडेवर रुळलेले ते लेकरू दुसरीच्या हाती द्यायचे!

विद्यार्थिनींच्या निष्ठेविषयी मला नितांत आदर वाटतो. परंतु वहीत वजनाचे आकडे मांडताना, सतत बदलणाऱ्या चेहऱ्यांकडे पाहून त्या बाळाला काय वाटत असेल, याची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हा प्रश्न मनाला सलतोच. पुढे ही मुले दत्तक दिली जात. १९६९ साली ही प्रथा बंद झाली.